जुन्या जीपला दुसरें इंजिन : तारांचा मेळ कसा घालावा

नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांत फिरतांना पुष्कळ आखाड्यांवर लिंबाच्या सावलींत एखादी जुनी जीप उभी असलेली दिसते. ती वडिलांनीं, क्वचित् आजोबांनीं घेतलेली असते. तिचा सांगाडा अजून निकोप असतो. काळ्या रानाच्या चिखलांतून ती वाट काढते. बी-बियाणें, खताचीं पोतीं, फवारणीचे पंप आणि प्रसंगीं आजारी माणूस तालुक्याच्या गांवीं पोंचविण्यास तिच्याइतकें भरंवशाचें वाहन घरांत दुसरें नसतें. फक्त तिचें इंजिन झिजून तेल पिऊं लागलेलें असतें. मग घरधनी मोडीच्या बाजारांतून दुसऱ्या गाडीचें इंजिन आणतो आणि मेस्त्री तें बसवितो. इंजिनाचे पाय, गिअरपेटीची जोडणी, पाण्याच्या नळ्या, सायलेन्सर हीं कामें लोखंडाचीं असल्यामुळें डोळ्यांस दिसतात, आणि बहुधा चांगलीं होतात. शेवटीं तारांचें काम राहतें. तें दिवस मावळतांना, घाईनें, अर्ध्या तासांत उरकलें जातें. आमच्या मतें ह्या सबंध उद्योगांतील सर्वांत धोक्याचा भाग हाच होय, आणि आज त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अडचण अशी असते. गाडीच्या तारांच्या शेवटास जो कपलर असतो तो नव्या इंजिनावरील कपलरांत बसत नाहीं. एकांत चार खुंट्या, दुसऱ्यांत सहा. एकाचीं पातीं चपटीं, दुसऱ्याच्या खुंट्या गोल. जुन्या जीपेंत तर कपलर नसतोच, नुसत्या तारा बोल्टाखालीं आवळलेल्या असतात. अशा वेळीं पक्कड काढून दोन्ही बाजूंचे कपलर छाटून टाकतात, लाल तारेस लाल, काळीस काळी, तपकिरीस तपकिरी असा रंगास रंग पाहून पीळ देतात, आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. इंजिन सुरू झालें तर काम झालें असें समजतात. न झालें तर तारांची अदलाबदल करून पाहतात. ह्या अदलाबदलींत एखादी कॉइल जळते, अल्टरनेटरच्या पोटांतील डायोड जातात, आणि कांहीं वेळां सर्व तारांचा जुडगाच पेटतो.

लातूर-नांदेडच्या वयस्क वाचकांस ही अडचण दुसऱ्या रूपानें परिचयाची आहे. लातुरास १९११ सालीं जी बार्शी लाइट रेल्वे पोंचली तिचे रूळ अडीच फुटांचे होते. नांदेडची गाडी एक मीटरच्या रुळांवरून धांवे. आणि कुर्डुवाडीस येणारी मुंबईकडील गाडी साडेपांच फुटांच्या मोठ्या रुळांची. लातूरचा माल कुर्डुवाडीस आला म्हणजे पोतें न् पोतें एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत हलवावें लागे. तें काम कंटाळवाणें खरें, पण लहान डबा मोठ्या रुळांवर ढकलून पाहण्याचें साहस कोणीं केलें नाहीं. पुढें हे सर्व मार्ग मोठ्या रुळांचे झाले. मोटारींच्या तारांचें असें एकीकरण मात्र झालेलें नाहीं; ज्या कारखान्याची गाडी त्याची भाषा निराळी.

ही भाषा निराळी कशी झाली हें समजल्यावांचून पुढील विवेचन पटणार नाहीं. जीप मूळची अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ सालापासून, विलिस कंपनीच्या जीपा मुंबईंत जुळविल्या जाऊं लागल्या. तें काम करणारी महिंद्र आणि महंमद ही कंपनी १९४८ मध्यें महिंद्र आणि महिंद्र झाली. ह्या आरंभींच्या जीपांची वीज सहा व्होल्टची होती आणि तारांवर कापडाचें वेष्टण असे. पुढें विजेचें सामान देशांतच होऊं लागलें, तें मुख्यतः दोन घराण्यांचें. १९५१ सालीं बंगळूरास मायको कंपनी निघाली, ती जर्मन बॉश कंपनीच्या वळणाची. १९६१ सालीं मद्रासेस लुकास-टीव्हीएस निघाली, ती इंग्रजी लुकासच्या वळणाची. १९८३ च्या अखेरीस मारुति गाडी आली आणि तिच्याबरोबर जपानी पद्धत आली. मोडीच्या बाजारांत आज जें इंजिन मिळतें तें ह्यांपैकीं कोणत्या तरी एका भाषेंत बोलतें, आणि आपली जीप बहुधा दुसऱ्याच.

आतां रंग पाहून जोडण्यांत काय घोटाळा आहे तो पाहूं. इंग्रजी पद्धतींत तपकिरी तार म्हणजे बॅटरीहून थेट आलेली, किल्ली बंद असतांही जिवंत असणारी. आणि काळी तार म्हणजे अर्थिंगची. जर्मन पद्धतींत तपकिरी तार हीच अर्थिंगची, आणि काळी तार किल्ली फिरविल्यावर जिवंत होणारी. इंग्रजी वळणाच्या गाडीची तपकिरी तार जर्मन वळणाच्या इंजिनावरील तपकिरी तारेस ज्यानें जोडली त्यानें बॅटरीचीं दोन टोंकें थेट एकमेकांस भिडविलीं. रंग बरोबर जुळला, पीळही घट्ट बसला, आणि तार पेटली. जपानी गाड्यांत तर रंगावर दुसऱ्या रंगाची रेघ असते आणि त्या रेघेचा अर्थ कारखान्यागणिक बदलतो.

जर्मन सामानाचा एक गुण मात्र मानावा लागतो. त्याच्या खुंट्यांवर आंकडे कोरलेले असतात आणि ते आंकडे सगळीकडे तेच असतात. ३० म्हणजे बॅटरीहून थेट. १५ म्हणजे किल्लीनें जिवंत होणारी. ५० म्हणजे सेल्फ फिरविण्यापुरती जिवंत. ३१ म्हणजे अर्थिंग. १ म्हणजे कॉइलचें पॉइंटांकडील टोंक. डिझेल गाडीच्या किल्लीवर १९ म्हणजे हीटर. आणि ६१ किंवा ‘डी’वर अधिक चिन्ह म्हणजे चार्जिंगचा दिवा. इंग्रजी पद्धतींत हींच कामें रंगांनीं सांगितलेलीं असतात : किल्लीहून निघालेली तार पांढरी, तीच फ्यूजमधून पुढें गेली म्हणजे हिरवी, सेल्फकडे जाणारी पांढऱ्यावर लाल रेघेची, कॉइलहून पॉइंटांकडे पांढऱ्यावर काळ्या रेघेची, चार्जिंगच्या दिव्याची तपकिरीवर पिवळ्या रेघेची. पुष्कळ जपानी किल्ल्यांच्या मागें ‘एएम’, ‘आयजी’, ‘एसटी’ आणि ‘एसीसी’ अशीं अक्षरें असतात. त्यांचा अर्थ अनुक्रमें बॅटरीहून येणारी, इंजिनाची, सेल्फची आणि रेडिओसारख्या किरकोळ सामानाची. म्हणजे जर्मन ३०, इंग्रजी तपकिरी आणि जपानी ‘एएम’ हीं एकाच कामाचीं तीन नांवें झालीं. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे अर्धा घोटाळा संपतो.

अर्धाच म्हणण्याचें कारण हें कीं, हे रंग आणि आंकडे कारखान्यांतून बाहेर पडलेल्या गाडीस लागू. चाळीस वर्षांच्या जीपेच्या पोटांत घरांतील वायरिंगचे तुकडे, पाण्याच्या मोटारीची उरलेली केबल, कोणाच्या तरी लग्नांतील मंडपाची तार असें काय काय सांपडतें. तेथें रंग हा निव्वळ योगायोग असतो. म्हणून तार काय म्हणते हें तारेलाच विचारलें पाहिजे, आणि त्यास लागणारें हत्यार फार स्वस्त आहे : बारा व्होल्टचा लहानसा बल्ब, त्यास दोन तारा, एकीस चिमटा व दुसरीस टोंकदार सुई. ह्यास मेस्त्री लोक टेस्ट लँप म्हणतात. चिमटा गाडीच्या अंगावर स्वच्छ घासलेल्या लोखंडास लावावा आणि सुईनें एकेक तार तपासावी. आधीं मात्र बॅटरीचें कोणतें टोंक अंगास जोडलेलें आहे तें पाहून घ्यावें. जीपेंत तें ऋण टोंक असतें. परंतु जुन्या इंग्रजी वळणाच्या कित्येक गाड्यांत धन टोंक अंगास जोडीत, आणि अशा गाडींत आजचा अल्टरनेटर तसाच जोडला तर एका क्षणांत निकामी होतो.

तपासणी किल्लीच्या चार अवस्थांत करावी, आणि जें दिसेल तें कागदावर लिहावें : किल्ली बंद, किल्ली चालू, सेल्फ फिरत असतांना, आणि सेल्फवरून किल्ली सोडल्यावर. इंजिन जागेवर असेल तर सेल्फच्या सोलेनॉइडची बारीक तार काढून तिच्यावरच दिवा लावावा, म्हणजे इंजिन फिरणार नाहीं. चारही अवस्थांत दिवा लागला तर ती बॅटरीची थेट तार. फक्त सेल्फच्या वेळीं लागला तर सेल्फची. किल्ली चालू असतां व सेल्फच्या वेळींही लागला तर ती इंजिनाची तार. राहिली चौथी जात, आणि पुष्कळ जण तेथेंच फसतात. किल्ली चालू असतां दिवा लागतो, परंतु सेल्फ फिरूं लागतांच विझतो. कारखान्यानें ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते. सेल्फला बॅटरीची सर्व शक्ति मिळावी म्हणून पंखा, रेडिओ, काचपुशी ह्यांची वीज तेवढ्यापुरती तोडतात.

ह्या चौथ्या तारेवर जर कॉइल जोडली तर काय होतें? सेल्फ जोरानें फिरतो, पण इंजिन पेटत नाहीं. आणि कंटाळून किल्ली सोडली कीं त्याच क्षणीं एखादा हुंदका देऊन पेटल्यासारखें करतें. मेस्त्री कार्बोरेटर खोलतो, प्लग बदलतो, टायमिंग हलवितो. दोष मात्र एका तारेचा असतो. ह्याच्या उलट लक्षणही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. सेल्फ फिरत असेतों इंजिन सुरेख पेटतें आणि किल्ली सोडतांच मरतें. तेथें कॉइलला चालू अवस्थेंतील वीज पोंचत नाहीं, फक्त सेल्फच्या वेळची पोंचते. बहुधा कॉइलच्या वाटेंतील रेझिस्टर तुटलेला असतो किंवा जोडावयाचा राहिलेला असतो.

ह्या रेझिस्टरविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे. बारा व्होल्टच्या गाड्यांतील कॉइली दोन प्रकारच्या असतात. एक पूर्ण बारा व्होल्ट घेणारी. तिच्या दोन लहान खुंट्यांमधील रोध तीन ओहमच्या आसपास असतो. दुसरी कमी व्होल्टेजवर चालणारी. तिचा रोध सुमारें दीड ओहम, आणि तिच्या वाटेंत एक रेझिस्टर बसविलेला असतो. सेल्फ फिरतांना बॅटरी दमते, त्या वेळीं हा रेझिस्टर टाळून कॉइलला थेट वीज मिळते. एरवीं ती रेझिस्टरमधून येते. दुसऱ्या प्रकारच्या कॉइलला रेझिस्टरवांचून जोडली तर ठिणगी पहिले दोन दिवस उत्तम पडते आणि घरधनी खूष असतो. मग कॉइल हात लावूं देत नाहीं इतकी तापते, पॉइंट काळे पडतात, आणि गाडी नेमकी भर उन्हांत रस्त्यावर उभी राहते. नव्या इंजिनाबरोबर त्याचीच कॉइल व त्याचाच रेझिस्टर मागून घ्यावा. मोडीच्या दुकानदारास ह्याची फारशी किंमत वाटत नसल्यामुळें तो बहुधा नाहीं म्हणत नाहीं.

इतकें झालें पेट्रोलला पेट्रोल बदलण्याविषयीं. परंतु आमच्या भागांत जी अदलाबदल फार झाली ती पेट्रोल काढून डिझेल बसविण्याची. शेतावर ट्रॅक्टर व पाण्याचें इंजिन ह्यांकरितां डिझेल असेच, आणि पेट्रोल त्याहून पुष्कळ महाग. पुढें कारखान्यानेंच डिझेल जीपा काढल्या. १९७९ सालीं फ्रेंच प्यूजो कंपनीशीं करार होऊन सुमारें एकवीसशें घन सेंटिमीटरचें इंजिन आलें. तीं इंजिनें, तसेंच पुण्याकडील मॅटॅडोर गाडीचें इंजिन, जुन्या पेट्रोल जीपांत बसविण्याची चाल पडली. येथें तारांचा प्रश्न नुसता आकाराचा राहत नाहीं. कामेंच बदलतात.

पेट्रोल इंजिनांत ठिणगी तोडली कीं इंजिन थांबतें. किल्ली बंद करणें म्हणजे कॉइलची वीज तोडणें. डिझेल इंजिनास ठिणगीच नाहीं. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनें तेल पेटतें, आणि किल्ली काढून खिशांत घातली तरी तें चालूच राहतें. तें थांबवावयाचें तर पंपाचें तेल तोडावें लागतें. कांहीं पंपांस ह्यासाठीं हातानें ओढण्याची दोरी असते. फिरत्या जातीच्या पंपांवर विजेची खुंटी असते, तीस वीज मिळेतों तेल सुटतें व वीज गेली कीं तेल बंद होतें. नीट पाहिलें तर ह्या खुंटीचें आणि जुन्या कॉइलचें काम एकाच वेळापत्रकाचें आहे : किल्ली चालू असतां व सेल्फ फिरतांना, दोन्ही वेळां वीज पाहिजे. म्हणून कॉइलची सुटलेली तार येथें योग्य ठिकाणीं लागते. मात्र त्या तारेच्या वाटेंत वर सांगितलेला रेझिस्टर राहून गेला असेल तर खुंटीस अपुरी वीज मिळते, ती उघडत नाहीं, आणि पंपाची हवा काढून काढून मेस्त्री थकतो.

दोरीच्या पंपाच्या गाडींत कॉइलच्या तारेस कामच उरत नाहीं, आणि निकामी तार हीच आमच्या पाहण्यांत सर्वांत वाईट. नांदेड जिल्ह्यांतील एका आखाड्यावरील जीपेंत ती चिकटपट्टींत गुंडाळून इंजिनामागें लोंबती ठेवली होती. वैशाखांत पट्टीचा डिंक वितळला, टोंक उघडें पडलें आणि सायलेन्सरच्या नळीस टेकलें. त्या तारेस फ्यूज नव्हता. जुन्या जीपांत तो बहुधा नसतोच. दोन हातांवर वेचलेल्या कापसाचा ढीग होता. मालकाच्या धाकट्या भावानें पान्हा न शोधतां बॅटरीचें टोंक हातानेंच ओढून काढलें म्हणून कापूस वांचला. हात मात्र भाजला. निरुपयोगी झालेली तार किल्लीपाशींच सोडवून मुळापासून काढावी. अर्ध्यांत कापून ठेवूं नये.

डिझेलला जें नव्यानें लागतें तें हीटरचें. प्यूजो किंवा मॅटॅडोरच्या जातीचें इंजिन थंड असतांना हीटरवांचून सुखानें पेटत नाहीं, आणि चार हीटर प्लग मिळून आरंभीं चाळीस अँपियरांहून अधिक वीज ओढतात. एवढा भार जुन्या पेट्रोल जीपेच्या किल्लीवर टाकणें म्हणजे बैलाच्या सापत्या ट्रॅक्टरच्या नांगरास बांधणें होय. किल्लीहून फक्त बारीक तार रिलेकडे न्यावी, आणि मुख्य वीज बॅटरीहून फ्यूजमधून व रिलेमधून, निदान सहा चौरस मिलिमीटरच्या तारेनें प्लगांकडे द्यावी. सेल्फचेंही तसेंच. डिझेलमध्यें हवा पेट्रोलच्या दुपटीहून अधिक दाबावी लागते, म्हणून बॅटरी मोठी, आणि तिच्या केबली त्या मानानें जाड पाहिजेत.

अर्थिंगची पट्टी तर हटकून विसरतात. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलें असतें, म्हणजे गाडीच्या अंगापासून विजेच्या दृष्टीनें तुटलेलें असतें. इंजिन व सांगाडा ह्यांस जोडणारी जाड पट्टी नसेल तर सेल्फचा शेंकडों अँपियरांचा प्रवाह परतण्यास दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट ॲक्सिलरेटरच्या किंवा स्पीडोमीटरच्या लोखंडी दोरीची असते. दोरीचें वेष्टण वितळल्याचें दिसतें आणि कारण कोणास उमगत नाहीं.

अल्टरनेटरच्या बाबतींत जुन्या जीपेच्या मालकास आणखी एक कोडें पडतें. जुन्या डायनॅमोच्या गाडींत चार्जिंगचा दिवा नव्हता, अँपियरचा कांटा होता. पुष्कळ अल्टरनेटरांस मात्र आरंभीं जागें होण्यासाठीं त्या दिव्यामधूनच थोडी वीज मिळते. दिवा नाहीं तर चार्जिंग नाहीं, आणि मालक अल्टरनेटर खराब म्हणून बदलून आणतो. किल्लीच्या चालू तारेवरून बारा व्होल्टचा दोनतीन वॅटचा बल्ब घालून ती तार ‘डी’च्या खुंटीस न्यावी. डायनॅमोचा जुना कटआउट पूर्णपणें काढून टाकावा, आणि अल्टरनेटरची मुख्य तार जुन्या कांट्यामधून न नेतां बॅटरीकडे थेट फ्यूजमधून न्यावी. तो कांटा एवढ्या प्रवाहासाठीं केलेला नाहीं. जीप मूळची सहा व्होल्टची असेल तर बल्ब, हॉर्न, विजेवर चालणारे कांटे हे सर्व बदलावे लागतील हें आधींच हिशेबांत धरावें. त्या जीपेच्या तारा जाडीला पुरेशा असतात, पण कापडाचें वेष्टण कुजलेलें असतें. त्यांचा मोह धरूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. न जुळणारे दोन कपलर जोडावे कसे? आमचें सांगणें असें कीं दोन्हीपैकीं कोणताही छाटूं नये. कुर्डुवाडीच्या हमालांचें काम करणारी एक मधली जोडतार करावी. तिच्या एका टोंकास गाडीच्या कपलरांत बसेल असा कपलर आणि दुसऱ्या टोंकास इंजिनाच्या कपलरांत बसेल असा. मध्यें हात-दीड हात तारा, कामास काम पाहून जोडलेल्या. इंजिन विकत घेतांना त्याच्यावरील कपलराची जोडीदार बाजू, निदान वीतभर तारेसह, त्याच मोडींतील गाडीवरून कापून आणावी. दहांतील नऊ जण इंजिन आणतात आणि हा तुकडा तेथेंच सोडून येतात. मग चार दिवसांनीं जावें तर ती गाडी वितळून गेलेली असते. तुकडा न मिळाल्यास सहा-आठ खुंट्यांचे नवे बंद कपलर सामानाच्या दुकानीं मिळतात. त्यांची जोडी दोन्ही बाजूंस बसवावी. बाजू निवडतांना एक गोष्ट पाळावी. बॅटरीकडून जिवंत येणाऱ्या तारेस नेहमीं झांकलेल्या छिद्रांची बाजू द्यावी, उघड्या खुंट्यांची नव्हे. म्हणजे कपलर सुटून पडला तरी जिवंत टोंक कोठें टेकत नाहीं.

तारांस नुसता पीळ देऊं नये. तांब्याचें थिंबल त्याच्या पक्कडीनें दाबून बसवावें. कांहीं जण डाग देतात. डाग चांगला, पण डागाच्या कडेस तार ताठ होऊन हादऱ्यानें तुटते, म्हणून तेथें आधार हवा. वर उष्णतेनें आकसणारी नळी घालावी. चिकटपट्टी आमच्या उन्हाळ्यास टिकत नाहीं. कॉइल किंवा पंपाच्या खुंटीस दीड चौरस मिलिमीटरची तार पुरे, सोलेनॉइडला अडीचची. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत बसवावा. जोडतार सायलेन्सरच्या नळीपासून दूर, वरच्या अंगास बांधावी. कपलराआधीं तारेस खालीं एक झोल ठेवावा म्हणजे पावसाचें पाणी झोलावरून ठिबकतें, कपलरांत शिरत नाहीं. पत्र्याच्या भोंकांतून तार जाते तेथें रबराची चकती पाहिजेच. राहिले उंदीर. सोयाबीन भरल्या कोठाराशेजारीं गाडी ठेवली तर ते इंजिनाच्या उबेस येतात व तारा कुरतडतात. जोडतार लवचिक प्लॅस्टिकच्या नळींत घातली म्हणजे त्रास पुष्कळ कमी होतो.

ज्यांत संगणकाची पेटी आहे अशा नव्या पेट्रोल इंजिनास मात्र हें सर्व ज्ञान अपुरें आहे. त्याच्या बारीक तारांवर टेस्ट लँप लावूंच नये, बल्बाचा प्रवाहही त्या पेटीस जड होतो. तेथें मीटरच वापरावा आणि त्या गाडीचा नकाशा मिळाल्यावांचून हात घालूं नये. इंजिनाबरोबर पेटी, तिच्या सर्व तारा आणि किल्लीसुद्धां एकत्र आणावी, कारण कित्येक गाड्यांत पेटी स्वतःच्या किल्लीवांचून इंजिन पेटूं देत नाहीं.

कायद्याची बाजू थोडक्यांत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें कारखान्यानें ठरविलेल्या मूळ वर्णनाशीं नोंदणीपत्र विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मधील निकालांत हें कडकपणें सांगितलें आहे. म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वीं नांदेडच्या (एमएच २६) किंवा लातूरच्या (एमएच २४) परिवहन कार्यालयांत अर्ज करून लेखी संमति मिळवावी, इंजिनाच्या खरेदीची पावती जपून ठेवावी व नवा नंबर नोंदणीपत्रावर चढवून घ्यावा. पेट्रोलचे जागीं डिझेल ही अदलाबदल पूर्वीं झाली म्हणून आजही मंजूर होईलच असें समजूं नये. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते. त्या तपासणींत इंजिनाचा नंबर जुळला नाहीं, किंवा अपघातानंतर विमा कंपनीनें तो पाहिला, तर मालकाची बाजू लंगडी पडते.

काम पुरें झाल्यावर पहिल्यांदा गाडी सुरू करतांना घाई करूं नये. बॅटरी जोडण्यापूर्वीं तिच्या धन टोंकाच्या वाटेंत तोच टेस्ट लँप घालावा, किल्ली बंद ठेवावी आणि पाहावें. दिवा प्रखर पेटला तर कोठें तरी तार अंगास लागली आहे, आधीं ती शोधावी. दिवा न लागला तर बॅटरी जोडावी, एका माणसास पान्हा घेऊन तिच्यापाशीं उभें करावें, आणि मग किल्ली फिरवावी. इंजिन वीस मिनिटें चालवून बंद करावें आणि बॅटरीचें टोंक काढून प्रत्येक जोडास व कपलरास हात लावून पाहावा. जो जोड शेजारच्या तारेहून ऊन लागेल तो सैल आहे. तो उलगडून पुन्हां दाबावा. तारांचा जो कागद तपासणींत लिहिला त्याची एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून सीटखालीं ठेवावी, दुसरी घरीं. मृगाच्या पहिल्या दोनतीन पावसांनंतर कपलर एकदां उघडून आंत हिरवट पूड धरली आहे काय तें पाहावें; धरली असल्यास खुंट्या घासून, थोडें व्हॅसलीन लावून पुन्हां बंद करावे.